लाटेचे शेंडे

शहाऐंशी साली गिटारीचा आवाज बदलणारं परदेशी पेडल म्हणजे कुणाचा तरी भाऊ दुबईहून येणार आणि त्याच्या बॅगेत जागा उरली तरच मिळायचं. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारी बाकीची पोरं ओळखीच्या रेडिओ मेकॅनिकला धरायची. माझ्या नवऱ्याला, नंदूला, तेवढीही गरज नव्हती. त्याने मेकॅनिकशीच लग्न केलं होतं.

मी मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात तपासणीला होते. तिथे ॲम्प्लिफायर बनायचे, शाळेत, देवळात लावतात तसले. तयार झालेला प्रत्येक नग माझ्या टेबलावर यायचा. मी त्याला ऑसिलोस्कोप लावायचे आणि हिरव्या पडद्यावर लाट नीट दिसली की खडूने खूण करून पुढे ढकलायचे. नंदू तिथेच डिस्पॅचला होता. पुढे तो एका औषध कंपनीत लागला, पण आमची ओळख कारखान्यातली, त्यामुळे लग्नानंतरही मी त्याला नंदूच म्हणत राहिले. सासूबाई गावाहून आल्या की तेवढ्यापुरतं ‘अहो’ करायचे, आणि ते ऐकून तोच फिदीफिदी हसायचा.

आम्ही पूर्वेला राहायचो, सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. मागच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. दुपारी त्यांच्यावर ऊन पडलं की आमच्या छतावर पांढरा उजेड हलत राहायचा, पाण्यातून यावा तसा. दोघांचीही पहिली पाळी असल्याने दुपार आमची असायची. चहा झाला की नंदू गिटार घेऊन पलंगावर बसायचा. मी टेबलावर जुनी चादर अंथरून सोल्डरिंग आयर्न तापत ठेवायचे.

नंदूला ओव्हरड्राइव्ह हवा होता. गिटारीचा आवाज ही एक लाट असते. ती वर चढते, खाली उतरते. तिला आधी मोठी करायची आणि मग दोन डायोड लावून तिचे शेंडे छाटायचे. वरून सपाट, खालून सपाट. शेंडे छाटलेली लाट गुरगुरते, खरखरते, आणि तोच तो आवाज पब्लिकला आवडतो. डायोड जर्मेनियमचे लावले तर लाट फार खालीच छाटली जाते, पण कापणी मऊ असते. सिलिकॉनचे लावले तर जरा वर, आणि कापणी कडक. लाल एलईडी लावला तर त्याहून वर. नंदूला सगळंच पाहिजे होतं, त्यामुळे प्रश्न उरला तो स्विचचा.

“रोटरी लाव ना, रेडिओच्या बँडला असतो तसा,” तो म्हणाला. “चार-पाच आवाज मिळतील.”

“आणि स्टेजवर अंधारात पायाने फिरवशील?”

“मग टॉगल. तीन जागांचा.”

“तीन जागांच्या टॉगलला मधली जागा रिकामी असते. दांडा मधे राहिला तर एकही डायोड लागत नाही. काहीच छाटलं जात नाही. आवाज एकदम अंगावर येईल. पहिल्या रांगेतली लोकं उठून जातील.”

“जाऊ दे ना, झकास!”

मी ऐकलं नाही. घाटकोपरच्या नेहमीच्या दुकानातून दोन जागांचा टॉगल आणला, लांब दांड्याचा, म्हणजे बुटाच्या टोकाने ढकलता येईल. अलीकडे जर्मेनियम, पलीकडे सिलिकॉन. मधे थांबायला जागाच नाही. स्विच नवाकोरा होता, डायोड नवे होते, डबा मी स्वतः पत्रा वाकवून केला होता. हे सगळं सांगते आहे कारण नंतर मी त्या डब्यात काय काय शोधलं ते माझं मलाच माहीत. त्यात काहीही वेगळं नव्हतं.

नंदूने पहिल्यांदा पेडल लावून वाजवलं त्याच दुपारी दार वाजलं. दारात प्रेमाताई उभ्या होत्या.

प्रेमाताई तळमजल्यावर एकट्या राहायच्या आणि ब्लाउज शिवायच्या. लहानपणी टायफॉइड झाला, त्यात दोन्ही कान गेले. मूळच्या त्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या, पण बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिवणकाम शिकल्या आणि कामाच्या निमित्ताने मुलुंडला आल्या त्या इथल्याच झाल्या. समोरच्याचे ओठ बघून त्या सगळं समजून घ्यायच्या. बोलायच्या सावकाश, सगळे शब्द एकाच उंचीवर ठेवून. आमच्याकडे त्या फारशा येत नसत.

आता त्यांच्या पदराला सुई तशीच टोचलेली होती, दोरा लोंबत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून आत, नंदूच्या हाताकडे बघत म्हणाल्या, “थांबलास का? वाजव.”

नंदूने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याने पुन्हा तीच ओळ वाजवली. प्रेमाताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी यायला लागलं.

“मला ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या.

मी तपासणी करणारी बाई. पहिला विचार आला तो जमिनीचा. ॲम्प्लिफायर जमिनीवर होता, थरथर पायांतून वर जात असणार. बहिऱ्या माणसाला ते जास्त कळतं असं ऐकलं होतं. म्हणून मी ॲम्प्लिफायर उचलून गादीवर ठेवला. फरक पडला नाही. मग त्यांना खाली त्यांच्या खोलीत नेलं, सोबत बसले, आणि नंदूला सांगितलं की मनात येईल तेव्हा स्विच इकडून तिकडे कर. प्रेमाताई पाठ करून शिलाई मशीनपाशी बसल्या. स्विच जर्मेनियमवर गेला की त्यांचा हात वर यायचा, सिलिकॉनवर गेला की खाली. वरून येणारा आवाज मला तिथे जेमतेम ऐकू येत होता. त्यांचा हात एकदाही चुकला नाही.

शेवटी मी ॲम्प्लिफायर बंदच केला आणि पेडलची वायर हेडफोनला जोडून तो नंदूच्या कानांवर चढवला. आता खोलीत फक्त तारांची टिकटिक होती. मी खाली गेले. प्रेमाताई डोळे मिटून हसत बसल्या होत्या.

“कसं ऐकू येतं?” मी त्यांच्या गुडघ्याला हात लावून, त्या बघायला लागल्यावर विचारलं.

“तांदूळ पाखडताना सुपातून वर उडतं ना,” त्या म्हणाल्या, “तसं. खालचं काही नाही. वरचं वरचं. तुम्ही तिथे टाकता, ते मला इथे मिळतं.”

मी त्यांना डायोडचं काही सांगितलं नव्हतं. नंदूनेही नाही. छाटलेला शेंडा कुठे पडून राहत नाही, त्याची जरा उष्णता होते आणि संपतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी वर आले आणि चहाची भांडी घासली.

नंदूला मात्र याचं कोण कौतुक! “सुलू, अख्ख्या मुंबईत असा गिटारिस्ट आहे का कोणी?” तो रोज दुपारी प्रेमाताईंसाठी म्हणून वाजवायला लागला, स्विच जर्मेनियमवर ठेवून, कारण त्यात जास्त छाटलं जातं आणि त्यांना जास्त मिळतं.

त्या दुपारी मला अजून आठवतात. खिडकीतून मिठाचा वारा यायचा, छतावर तो उजेड हलायचा, नंदूची बोटं हळूहळू तारांवरून फिरायची. खालून शिलाई मशीनचा आवाज यायचा, आणि काही दिवसांनी त्यात आणखी एक आवाज मिसळला. प्रेमाताई गुणगुणायला लागल्या होत्या. मी जिन्यात थांबून ऐकायचे. ते गाणं नव्हतं. नुसती वरची टोकं होती, एकमेकांपासून सुटी, मधे काही नाही. ढगांच्या वर फक्त डोंगरांचे माथे दिसावेत तसं. पण लक्ष देऊन ऐकलं की कळायचं, ती नंदूचीच ओळ आहे. नंदूने वाजवलेला भाग आणि प्रेमाताईंनी गुणगुणलेला भाग एकावर एक ठेवला असता तर पूर्ण झाला असता.

प्रेमाताईंच्या तोंडावर तेज आलं. गिऱ्हाइकं सांगायची, बाई आता दारात उभ्या राहून गप्पा मारतात. मला बरं वाटायचं. त्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं?

पहिल्यांदा मला सांगितलं ते चंद्रप्रकाशने. ऑर्केस्ट्रा त्याचा. घाटकोपरला एका हॉलमध्ये संध्याकाळचा कार्यक्रम होता, मी गेले होते. मध्यंतरात तो घाम पुसत माझ्याकडे आला.

“वहिनी, नंदूला बरं नाहीये का?”

“का रे?”

“बोटं चुकत नाहीत. उलट आधी चुकायचा, आता तेपण नाही. पण पब्लिक चढतच नाही यार. सोलो घेतो, सगळं बरोबर वाजवतो, आणि लोकं वेफर्स खात बसतात. आवाज मोठा आहे, पण...” त्याने तळहात सपाट करून हवेत आडवा फिरवला. “असा.”

दुसऱ्या भागात मी नंदूकडे लक्ष देऊन बघितलं. एरवी सोलो आला की तो डोळे मिटायचा, मान मागे टाकायचा, एकदा तर स्टेजवरून खाली पडला होता. आता तो बसच्या रांगेत असल्यासारखा उभा होता.

मग घरातही दिसायला लागलं. किंवा आधीपासून होतं आणि मी बघत नव्हते. नंदूचं हसणं आधी वरच्या मजल्यापर्यंत जायचं. आता ते सुरू व्हायचं, एका उंचीपर्यंत यायचं आणि तिथेच सरळ चालत राहायचं, मग थांबायचं. त्याला राग यायचा बंद झाला. आधी डाळीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचा आणि पाच मिनिटांनी माझ्या पाया पडायचं नाटक करायचा. आता कंपनीत त्याची बढती दुसऱ्याला दिली, तरी घरी येऊन म्हणाला, “चालेल.” शेजारणी मला म्हणायच्या, नशीब काढलंस गं, किती शांत झालाय.

शांत झाला होता खरा. मला भांडायला माणूस उरला नव्हता.

एकदा तो भिंतीत खिळा ठोकत होता. हातोडी निसटली आणि सरळ अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालं, रक्त आलं. नंदू म्हणाला, “लागलं.” दूधवाला आला, हे सांगावं तसा. मी कापूस आणायला वळले तोवर जिन्यात धावत येणारी पावलं ऐकू आली. प्रेमाताई धापा टाकत दारात उभ्या होत्या.

“कोणाला लागलं? कोण ओरडलं एवढं?”

गिटार त्या वेळी कपाटावर होती. पेडलमधला सेल मी काढून ठेवलेला होता.

नंदू अंगठा धरून उभा होता. प्रेमाताईंनी त्याच्याकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. त्या खाली गेल्या. त्या दिवसापासून त्यांचं गुणगुणणं बंद झालं.

मी ठरवलं की स्विच बदलायचा. तीन जागांचा बसवायचा, मधली जागा रिकामी असलेला. तेव्हा मी नको म्हटलं होतं, पण आता मला तीच जागा हवी होती, जिथे काहीच छाटलं जात नाही. नंदूला विचारलं तर म्हणाला, “चालेल.” एवढ्या महिन्यांत तो दुसरं काही म्हणाला असेल तर मला आठवत नाही.

प्रेमाताईंना सांगणं मला जड गेलं. मी खाली जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि ओठ स्पष्ट हलवून सगळं सांगितलं, डायोडसकट. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे बघून घेतलं.

“म्हणजे मला परत काही ऐकू येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“मी तर चोरलं नव्हतं, सुलक्षणा.”

“मला माहीत आहे, प्रेमाताई.”

“थोडे दिवस थांब,” त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांचे हात मांडीवरच्या कापडाची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. त्यांच्या सबंध आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. मी थांबले.

मला दिवस गेले ते त्याच सुमारास. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आम्ही दोघांनीही तो विषय सोडून दिला होता. डॉक्टरीणबाईंकडून मी चालतच घरी आले, रिक्षाही केली नाही. नंदू खिडकीत बसून गिटारीच्या तारा पुसत होता. छतावर उजेड हलत होता. मी चपला न काढताच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं.

त्याने मान वर केली. हसला. “बरं झालं,” तो म्हणाला आणि माझा हात धरला. हात गरम होता, प्रेमळ होता. त्याला आनंद झाला होता, हे मी शपथेवर सांगेन. पण तो आनंद एका रेषेपर्यंत आला आणि तिथे थांबला. मी त्या रेषेकडे बघत उभी राहिले.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. कोणीतरी पडत, सावरत, वर येत होतं.

प्रेमाताईंचे केस सुटले होते. त्या हसत होत्या, रडत होत्या, त्यांना श्वास पुरत नव्हता. त्यांनी आत येऊन मला मिठी मारली, मग नंदूच्या तोंडावरून हात फिरवला, मग परत मला धरलं.

“काय झालं? एवढं काय झालं?” त्या विचारत होत्या. “इतकं मोठं... इतकं छान... काय झालंय, सांगा ना मला!”

मी सांगितलं.

त्यांचे हात हळूच खाली आले. त्या नंदूकडे बघत राहिल्या. तो मंद हसत होता, पाहुण्यांकडे बघून हसतात तसा.

“हे माझं नाही,” प्रेमाताई म्हणाल्या. “हे मला नको. त्याचं त्याला दे.”

नवा स्विच आणून मी त्याच आठवड्यात बसवला. घरी लावून बघायचा मला धीर झाला नाही. कारखान्याला सुट्टी होती, मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि नंदूला गिटार, पेडल घेऊन सकाळीच तिथे नेलं. पत्र्याखाली सगळी टेबलं रिकामी होती. वरच्या काचेतून ऊन येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. मी ऑसिलोस्कोप चालू केला. तो तापेपर्यंत आम्ही दोघं स्टुलांवर बसून राहिलो.

मी स्विच जर्मेनियमवर ठेवला. नंदूने जाडी तार छेडली. पडद्यावर लाट आली, शेंडे छाटलेली, वर पठार, खाली पठार. बरोबर होतं.

सिलिकॉन. पठार जरा वर गेलं. बरोबर.

मग मी दांडा मधे आणला. रिकाम्या जागेवर.

“वाजव,” मी म्हटलं.

लाट आली. सपाट.

मी डबा उघडला. मधल्या जागेवर काही जोडलेलं नव्हतं. तरी डायोडच्या तारा कापून टाकल्या, चारही डायोड काढून टेबलावर ठेवले.

“वाजव.”

सपाट.

मी पेडलच काढलं. गिटारीची वायर सरळ ऑसिलोस्कोपला लावली. आता मधे काही नव्हतं. तार, चुंबक, वायर, पडदा.

“जोरात वाजव, नंदू.”

त्याने जोरात वाजवलं. त्याच्या बोटाखाली तार धूसर होईपर्यंत हलत होती. पडद्यावर लाट चढली, अर्ध्यापर्यंत आली, आणि कोणी फूटपट्टी धरून ठेवल्यासारखी आडवी चालत गेली.

मी हात लांब करून तीच तार स्वतः छेडली. मला गिटार येत नाही. वेडीवाकडी, उंचसखल, शेंड्यांची लाट पडद्याच्या बाहेर उडाली.

“बघ,” मी म्हटलं.

नंदूने पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. “तुझी छान येते,” तो म्हणाला.

मी यंत्र बंद केलं. हिरवा ठिपका मधोमध आकसत गेला आणि विझला. आम्ही कुलूप लावून घरी आलो. वाटेत त्याने माझ्यासाठी शहाळं घेतलं.

प्रेमाताईंनी खोली सोडली. त्यांना मी कारखान्यातलं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी लांब गेले तर मला ऐकू येणार नाही, आणि मला आलं नाही तर त्याचं त्याच्यापाशी राहील. यात तर्क काय होता ते मला सांगता येत नाही, पण माझ्याकडे त्याहून बरा तर्क नव्हता. खारदांड्याला त्यांच्या बहिणीचं घर होतं. टेम्पोत शिलाई मशीन चढवताना नंदूने पुढे होऊन हात लावला. त्या त्याच्याकडे बघायचं टाळत होत्या.

त्या गेल्या आणि नंदू होता तसाच राहिला. वाईट काही झालं नाही. त्याने गिटार हळूहळू सोडली, मागून मागून चंद्रप्रकाशने ती विकत घेतली. तो वेळेवर कामावर जायचा, माझे पाय सुजले की चेपून द्यायचा, भाजी आणायचा. मी एकदा विचारलं, “नंदू, तुला काही कमी आहे असं वाटतं का?” त्याने खरोखरच विचार केला. “नाही गं,” तो म्हणाला. “मला काही कमी नाही.”

मुलगी झाली. आम्ही तिचं नाव मीरा ठेवलं. नर्स म्हणाली, पोर रडलं पण हळू. डॉक्टरीणबाईंनी छाती बघितली, घसा बघितला, सगळं चांगलं होतं. वजन चांगलं होतं. दूध प्यायची, झोपायची, अंगावर खेळायची. बाळंतपणाला आलेल्या सासूबाई सगळ्या सोसायटीला सांगत फिरायच्या, असं गुणी पोर बघितलं नाही, रात्रीचं कधी कुणाला उठवलं नाही. मीही हो म्हणायचे.

ती बसायला लागल्यावर मी तिला घेऊन खारदांड्याला गेले. प्रेमाताईंना दाखवायचीच होती. हिवाळ्यातली दुपार होती. वाळूत बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत होते, खाली एक मांजर झोपलं होतं, आणि समुद्र इतका लांब गेला होता की होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. प्रेमाताई मला बघून उठल्या. मीराला त्यांनी किती वेळ छातीशी धरून ठेवलं. त्या बारीक झाल्या होत्या, पण चेहरा निवांत होता.

“आता काही ऐकू येत नाही,” मी न विचारताच त्या म्हणाल्या. “इथे आले त्या दिवसापासून नाही. छान शांत आहे.”

“बरं झालं,” मी म्हटलं. मग नंदूचं ते सगळं आता कुठे जातं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही तो कसा आहे ते विचारलं नाही.

मीरा पेंगली तशी त्यांनी ओटीवर गोधडी पसरली आणि तिला तिथे निजवलं. मग जेवून जायचंच म्हणून आत चुलीपाशी कालवण करायला गेल्या. मी दारात बसले. तिथून मला दोन्ही दिसत होतं. बाहेर मीरा, आणि आत पाटावर बसून, माझ्याकडे पाठ करून, विळीवर मासे चिरणाऱ्या प्रेमाताई. समोर अंगणात एक म्हातारा जाळं विणत होता. मला बरेच दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. डोळ्यांवर झापड येत होती.

मीरा जागी झाली. काहीतरी चावलं असावं, मुंगी असेल. तिने पाय झाडले, तोंड उघडलं. चेहरा लालबुंद झाला, मुठी वळल्या, कपाळावरची शीर फुगली. आणि नेहमी यायचा तसा आवाज आला. बारीक, सरळ, एका उंचीपर्यंत.

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. मांजर हललं नाही.

मी उठता उठता आत बघितलं. प्रेमाताई अजून पाठमोऱ्याच होत्या. त्यांच्या हातातला मासा खाली पडला होता, आणि त्यांनी दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले होते.